खिडकीजवळचं स्टूल

नाही नाही, तिथं नको — म्हणजे बसा ना, जरूर बसा, पण त्या स्टुलावर नको. ही खुर्ची घ्या. जरा डुगडुगते, पण भिंतीला टेकवली की शहाण्यासारखी वागते. माफ करा हं, तुम्ही दारातून पाऊल आत टाकलंत आणि मी एकदम अंगावर आल्यासारखी — काय सांगू, काल रात्रभर डोळ्याला डोळा नाही, आणि काळजी कसली, तर हीच. की तुम्ही याल, उजेड बघून सरळ खिडकीजवळच्या स्टुलावर टेकाल, आणि नेमकी त्याच वेळी लेक आतून उठून येईल. बाकी सगळी तयारी केली होती मी. लसीचं कार्ड, वजनाचा तक्ता, दातांची नोंद — बघा, टेबलावर ओळीनं मांडून ठेवलंय, जशी काही माझीच तोंडी परीक्षा. स्टूल तेवढं हलवलं नाही. हलवलं असतं तर तुमच्या दृष्टीस काही पडलंच नसतं, आणि मलाही दोन तास झोप मिळाली असती. पण ते हलवलं की तिला कळतं. झोपेत असली तरी कळतं. कसं ते विचारू नका — बघा, मी म्हणतेय विचारू नका, आणि तुमचं तर कामच विचारायचं.

झोपलीये आत. सुटीच्या दिवशी दुपारची झोप घरीच. चारची घंटा झाली की उठेल. घंटेआधी नाही आणि घंटेनंतर दोन मिनिटंही नाही, इतकी शिस्त आहे हो तिला, हेही लिहा ना तुमच्या कागदात. म्हणजे आपल्याकडे पस्तीस मिनिटं आहेत. चहा टाकू? — हो हो, माहितीये, गृहभेटीत पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. नियम बारावा. त्याला बारावा नंबर मीच दिलाय. मी नियोजन कार्यालयात आहे ना, मसुदे माझ्याकडे असतात. तुम्ही ज्या निळ्या फाइलमधून मला आत्ता बघताय, त्या फाइलमधले निम्मे रकाने मी आखलेत. आपणच विणलेल्या जाळ्यात आपणच बसायचं, आणि वर पाहुण्यांना पाणी विचारायचं. — ताई म्हटलं तर चालेल ना? मॅडम म्हटलं की माझा आवाज आपोआप बारीक होतो.

तर स्टूल. शिशुगृहाच्या बाईंनी लिहिलंय ते सगळं खरं आहे, मी काही नाकारायला बसले नाहीये. चोवीस मुलं, चोवीस स्टुलं, सहा-सहांच्या चार रांगा. चार वाजता दूध. दूध आलं की माझी लेक आपलं स्टूल उचलते — उचलते कसलं, ओढते, फरशीवर त्याचा तो किर्र आवाज होतो आणि बाकीची तेवीस कान झाकतात — आणि खिडकीशी नेऊन ठेवते. आणि स्वतः शेजारी उभी राहून दूध पिते. बसत नाही. कुणाला बसूही देत नाही. एका मुलानं बसायचा प्रयत्न केला, तर त्याला म्हणाली, ही जागा मावशीची आहे, ती यायचीये. त्याला मारलं नाही, ढकललं नाही, नुसतं सांगितलं. तो रडला. आता सांगण्यानं कुणी रडत असेल तर — असो. तिथं एक स्टूल आणि घरी एक स्टूल. हे घरचं. आमच्या मोरीत होतं, कपडे धुताना मी त्यावर बसायचे; आता मी उकिडवी बसून धुते, कारण मोरीतल्या स्टुलाला बढती मिळालीये.

मावशी म्हणजे कोण, ते तुमच्या फाइलमध्ये क्रमांकानं असेल. मुलं तिला घोगरी मावशी म्हणायची, आवाज तसा आहे म्हणून. गेल्या वर्षी ह्याच तुकडीवर मुलं सांभाळायला होती. चार महिन्यांपूर्वी बदली झाली पलीकडच्या वसाहतीत, कालव्यापल्याड. आणि एकदा गेलेली मावशी तीन वर्षं त्याच तुकडीवर परत येत नाही, हे तुम्हालाही माहितीये, मलाही माहितीये, मुंगीला सोडून सगळ्यांना माहितीये. मुंगी म्हणजे आमची हीच. नाव वेगळं आहे, पण स्वतःपेक्षा मोठ्या वस्तू ओढत नेते म्हणून मुंगी. छान आहे ना नाव? मी नाही ठेवलेलं. घोगरीनं ठेवलं.

दोन नोंदी झाल्यात, हो. ‘निराधार अपेक्षा’ — पहिली महिन्याभरापूर्वी, दुसरी मागच्या आठवड्यात. तिसरी झाली की निवासी तुकडी. म्हणजे सहा दिवस तिकडेच जेवण, तिकडेच झोप, आणि सुटीच्या दिवशी घरी, पाहुण्यासारखी. साडेचार वर्षांची आहे हो ती. अजून उजव्या-डाव्या चपलेत गोंधळ होतो तिचा. म्हणून तर मी तुम्हाला विनंती करून बोलावून घेतलं, तिसरी नोंद व्हायच्या आत. तुमच्यासमोर मी तिला स्पष्ट सांगणार, ती समजून घेणार, तिच्या तोंडून तुम्ही ऐकणार — मावशी येणार नाही — आणि तुम्ही सही करणार. एवढंच आहे. एका वाक्याचं काम. माझा नवरा म्हणाला, एक वाक्य तर आहे, सांगून टाक. आणि आज सुटी असून पंपघरावर निघून गेला. तिथल्या झडपा म्हणे त्याच्याशिवाय बंद होत नाहीत. वाक्य सोपं आहे तर थांब ना घरी, म्हटलं. चप्पल घालताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्यानं.

नाही, तुम्हाला असं वाटायला नको की मी व्यवस्थेच्या विरोधात वगैरे आहे. मुळीच नाही. मला हे सगळं पटतं. मनापासून पटतं. मावश्या दर सहा महिन्यांनी का बदलायच्या? — तर एकाच बाईला मूल चिकटून राहू नये, कुणाच्या वाट्याला प्रेमळ बाई आणि कुणाच्या वाट्याला कंटाळलेली, असं नशिबावर राहू नये. सगळ्यांना सगळं सारखं. मायासुद्धा. पहिल्या वर्षीच्या पुस्तिकेत वाक्य आहे, माया पाण्यासारखी फिरती राहावी, साचू नये. माझ्या सासूबाई हे वाक्य अशा म्हणायच्या, जणू त्यांनीच लिहिलंय. त्या पहिल्या चाळीस घरांतल्या. त्यांना मी कधी उलटून उत्तर दिलं नाही, कारण त्यांचं पहिलं मूल गेलं होतं — इथं यायच्या आधी, त्यांच्या जुन्या गावात. ताप होता. घरातली मोठी माणसं म्हणाली, श्रद्धा ठेव, उतरेल. तीन दिवस सगळ्यांनी मिळून श्रद्धा ठेवली. चौथ्या दिवशी ठेवायला मूल नव्हतं. अशा बाईला तुम्ही काय सांगणार हो, की माणसाला कशावर तरी विश्वास ठेवावासा वाटतो? त्या म्हणायच्या, मला विश्वास नको, मला वेळेवर येणारा डॉक्टर पाहिजे. आणि इथं येतो. इथं सोळा वर्षांत तापानं एकही मूल गेलेलं नाही, ही संख्या मी स्वतः तपासलीये, दोनदा. म्हणून म्हणते, मला पटतं. — फक्त त्या गेल्यावर त्यांची ट्रंक उघडली, तर तळाशी एक झबलं निघालं. एवढंसं. नवऱ्याला विचारलं, तर म्हणाला, हो, आई म्हणायची कापड चांगलं आहे, असू दे. चाळीस वर्षं कापड चांगलंच होतं. आता मीही काढून टाकलेलं नाही. कापड खरंच चांगलं आहे.

तर हा रकाना. ‘अपेक्षेचा उगम.’ हा रिकामा आहे तो काही माझ्या आळसामुळे नाही. मी शोधलं. ज्या दिवशी पहिली नोंद झाली, त्या दिवसापासून मी तेच शोधतेय — हिला हे शिकवलं कुणी? घरात आम्ही कुणी असलं काही करत नाही. स्टूल ठेवलं की माणूस येतं, हे कुठल्या गोष्टीत नाही. शिशुगृहाची सगळी चित्रांची पुस्तकं मी बसून वाचली, एकात बदक हरवतं आणि सापडतं, पण ते नकाशा वापरून सापडतं. आम्ही दोघं तिच्यासमोर बोलताना नियम पाळतो. दर गोष्टीला कारण देतो. पाणी का उकळतं, तर अमुक. सावली का हलते, तर तमुक. मग तिला विचारलं, मावशी येणार हे तुला कुणी सांगितलं? कुणी नाही. मग तुला कसं माहीत? म्हणते, मी स्टूल ठेवलंय ना. — आता ह्याच्यापुढे काय विचारायचं, तुम्हीच सांगा. मी एवढी शिकलेली, कार्यालयात माझ्या मसुद्याला कुणी नाव ठेवत नाही, आणि साडेचार वर्षांच्या पोरीसमोर मी अशी उभी, की जणू तिच्याकडे काहीतरी आहे आणि माझ्याकडे फक्त कारणं आहेत. एकदा म्हटलं, अगं, आज चार महिने झाले, आली का ती? म्हणाली, अजून नाही आली. ‘अजून’ शब्द तिनं इतका सहज वापरला की मी भांडी घासायला निघून गेले. भांडी घासलेली होती, ताई. पुन्हा घासली.

पाणी घ्या ना. घसा तुमचा कोरडा पडला असेल. बोलतेय मी आणि घसा तुमचा — असो.

ही मधली अकरा आठवड्यांची गॅप दिसतेय तुम्हाला कार्डावर, हो, तेच विचारणार होते मी, तुम्हाला दिसली का. गेल्या वर्षीची. मी नव्हते तेव्हा. कार्यालयानं पाठवलं होतं, डोंगरापलीकडे नवीन वसाहत उभी राहतेय ना, तिथली घरं मोजायला, पाळ्या आखायला. मुलांना तिथं न्यायची सोय नव्हती. नाही म्हणता आलं असतं का? आलं असतं. नियमात आहे, लहान मूल असेल तर नाही म्हणता येतं. मी नाही म्हटलं नाही. मला — हे लिहू नका — मला जायचं होतं. जवळजवळ चार वर्षं मी कुणाची तरी आईच होते नुसती, आणि मला वाटलं, अकरा आठवडे मी नुसतं मोजमाप करीन, जेवीन, झोपेन. आणि इथं सगळी व्यवस्था चोख. नियमच आहे तसा, जाणारा पालक किती दिवसांनी येणार हे पाच वर्षांखालच्या मुलाला सांगायचं नाही, कारण त्याला दिवस मोजता येत नाहीत, ते रोज वाट बघतं आणि रोज त्याची निराशा होते. दिवसापुरतं खरं तेवढं सांगायचं. ‘आज आई येणार नाही.’ चार वाजता, दुधाच्या वेळी, रोज. दुसऱ्या दिवशी पुन्हा. खोटी आशा द्यायची नाही. हा मसुदा — हो. माझाच. सगळे म्हणाले, फार विचारी मसुदा आहे. मला शाबासकीचं पत्र आलं होतं.

परत आले तेव्हा पहिल्यांदा काय केलं, सांगू? घरीसुद्धा गेले नाही, बॅग घेऊन सरळ शिशुगृहात. चार वाजले होते. ही खिडकीतच होती. मला बघितलं तिनं. मी हात हलवला, मला वाटलं आता धावत येणार, दार उघडून उभी राहिले, गुडघ्यावर बसले, हात पसरले — आणि ही काय करते? स्टूल उचलते. चक्क. आई अकरा आठवड्यांनी दारात हात पसरून बसलीये आणि पोर फर्निचर आवरतंय! ओढत ओढत रांगेत नेऊन लावलं, नीट सरळ केलं, आणि मग गेली ती कुठं, तर घोगरीच्या पदराआड. तिच्या मांडीत तोंड खुपसून उभी. घोगरी हसत होती आणि डोळे पुसत होती, आणि मला म्हणाली, आलात हो आलात, जीव भांड्यात पडला पोरीचा. मला वाटलं, हिला काय माहीत माझ्या पोरीचा जीव कशात असतो. — तसं वाटलं तेव्हा. आत्ताही थोडंसं वाटतं.

मग मी नोंदवही मागून घेतली. अकरा आठवड्यांची. आईचा हक्कच आहे तो. सहासष्ट पानं. दूध प्यायली, झोपली, खेळली, आणि शेवटच्या रकान्यात घोगरीच्या त्या मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरात — ‘बालक शांत.’ रोज. पहिला आठवडा सोडला तर रोज. बालक शांत, बालक शांत, बालक शांत. तुम्ही आई आहात का, ताई? — नाही, सांगू नका, नियम आहे. पण समजा असाल, तर सांगा, काय वाटलं असेल मला? एखादी भली बाई असती तर तिला बरं वाटलं असतं. मूल शांत होतं, देवाची — म्हणजे, व्यवस्थेची कृपा. मला काय वाटलं, तर मी तिथं पत्र्याच्या खोलीत पहिल्या आठ दिवसांत मोजमापाची हौस फिटून रोज उशीत तोंड घालून रडत होते, आणि ही इथं शांत. म्हणजे विसरली. आठवड्यात विसरली मला. आणि कुणामुळे विसरली? जी रोज ‘बालक शांत’ लिहीत होती तिच्यामुळे.

त्यानंतर घरात सगळं घोगरीच. घोगरी असं गाते, घोगरी तसा टॉवेल पिळते, घोगरीच्या हाताला साबणाचा वास येतो, तुझ्या का नाही येत? मी साबण बदलला. हसा, हसा. मी शिशुगृहाच्या भांडारातून तोच पिवळा साबण मागून आणला आणि दिवसातून सहा वेळा हात धुतले. कातडी सोलून निघाली, तरी वास तसा येईना. दूध माझ्या हातचं प्यायची नाही. मी गरम केलं, गार केलं, गोष्ट सांगितली, रागावले. नाहीच. ‘मावशीसारखं दे.’ आता मावशीसारखं म्हणजे कसं, ते काय तिला सांगता येतंय?

किती वाजले? पावणेचार. तुमचं घड्याळ पुढे आहे दोन मिनिटं, इथली घंटा कार्यालयाच्या घड्याळावर चालते.

एक सांगायचं नव्हतं. म्हणजे रात्रभर मी हेच ठरवत होते, की एवढं एक सांगायचं नाही. पण तुम्ही तो बदलीचा आदेश काढून बसलाय आणि त्यावरच्या तारखेला बोट लावून बसलाय, आणि चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालंय माझं. हो, बदली दोन महिने आधी झाली. तिचे सहा महिने भरले नव्हते, चारच झाले होते. कार्यालयात आमच्या मागच्या भिंतीवर एक फळा आहे, छतापासून फरशीपर्यंत. खिळ्यांच्या रांगा, आणि प्रत्येक खिळ्यावर एकेका मावशीचा पत्र्याचा बिल्ला. कुठल्या खिळ्यावर कुठला बिल्ला, तशा बदल्या. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी टंकलेखक येतो, फळा बघतो, आदेश टाइप करतो. तर त्या मंगळवारी सगळे जेवायला गेले होते. मी माझी पेन्सिल शोधायला परत आले — पेन्सिल माझ्या केसांत खोचलेली होती, हे मला माहीत होतं — आणि घोगरीचा बिल्ला काढून कालव्यापल्याडच्या खिळ्यावर टांगला, आणि तिथला इकडे. झालं. एका श्वासाचं काम. कुणाला कळणार? फळ्यावर चूक असूच शकत नाही, ताई, कारण चूक की बरोबर, ते आम्ही फळ्यावरच बघतो. दुसऱ्या दिवशी टंकलेखक मला म्हणाला, बाई, ह्या वेळी फळा अगदी सरळ लागलाय. मी म्हटलं, हो, लागलाय.

तुम्ही लिहायचं का थांबवलं? — लिहा. म्हणजे नका लिहू. मला कळत नाहीये मी काय म्हणतेय. तिला त्रास व्हावा असं नव्हतं हो माझ्या मनात. तिला काय, इथल्या चोवीसच्या जागी तिथली चोवीस. सगळं सारखं. आपला सगळा हिशेबच त्यावर उभा आहे ना, की मावशी बदलली तरी मुलाला फरक पडत नाही! त्या एका वाक्यावर भरवसा ठेवून मी बिल्ला हलवला. आणि तेच वाक्य जर मला खरंच पटलं असतं, तर मी तो हलवला कशाला असता? हा प्रश्न मी स्वतःला विचारला. बिल्ला हलवून महिना झाल्यावर विचारला. आधी नाही.

गेले होते मी तिकडे. एकदाच. कालव्याच्या पुलावरून चालत, कागदावर लिहिलं ‘पाहणी’. ती अंगणात होती, एका पोराचं नाक पुसत होती. मला बघून तिनं हात धुतले, तोच पिवळा साबण, आणि मी मनात वाक्यं जुळवत होते — की मीच, की मला, की माफ — तेवढ्यात तिनं विचारलं, मुंगी दूध पिते ना? साय नका देऊ हो तिला, साय काढून द्यायची आणि काढलेली साय तिला दाखवायची, मग पिते. एवढंच. बदलीचा शब्द नाही, मला का पाठवलं म्हणून नाही. मी म्हटलं, बरं. आणि परत आले. त्या दिवसापासून साय काढते, बशीत घेऊन तिला दाखवते, आणि ती दूध पिते. रोज संध्याकाळी मी माझ्याच घरात तिच्या हातानं दूध देते माझ्या पोरीला. शिक्षा म्हणाल तर हीच आहे, आणि ती कुठल्या नियमात बसत नाही म्हणून मला कुणी माफही करू शकत नाही.

त्या पहिल्या वर्षीच्या पुस्तिकेच्या शेवटी एक परिशिष्ट आहे, बघितलंय का तुम्ही? कुणी बघत नाही. प्रेम, श्रद्धा, छंद इत्यादी — तिन्ही एकाच ओळीत — ‘वैयक्तिक बाबी, शिल्लक वेळेत.’ मी नोकरीला लागले तेव्हा हसले होते त्या ओळीवर, वाटलं, छंदाच्या शेजारी बसवलंय बिचाऱ्यांना. आता वाटतं, लिहिणारा घाबरलेला असणार. बाकी सगळं मोजून झाल्यावर त्याला दिसलं असणार, की हे तीन कुठंच मावत नाहीत, आणि मोकळे सोडले तर भिंतीच पाडतील. म्हणून शेवटच्या पानावर नेऊन ठेवले, खिडकीशी. — शेवटच्या पानावर, म्हणायचं होतं मला.

झाली घंटा. ऐकलीत? आता बघा, पाय वाजतील. आधी चपला शोधेल, उलट्या घालेल. ते छापलेलं वाक्य द्या बरं इकडे, माझंच असलं तरी मला ऐन वेळी आठवायचं नाही. ‘मावशी येणार नाही. तिचं काम दुसरीकडे आहे. तुझी काळजी घ्यायला आम्ही सगळे आहोत.’ तीन वाक्यं आहेत, मी नवऱ्याला एकच म्हटलं होतं. आणि मग तिनं म्हणायचं, मावशी येणार नाही. गेल्या आठवड्यात एकदा सराव करून बघितला. म्हटलं, म्हण बरं, मावशी येणार नाही. तर म्हणाली, तू म्हण. मी म्हटलं. म्हणाली, छान म्हणालीस.

आज म्हणेल. आज मी नीट सांगीन, आवाज न कापता. म्हणेल ती. तुम्ही फक्त तेवढं झालं की सही करा, बाकीचं — बिल्ल्याचं — मी उद्या स्वतः जाऊन सांगते कार्यालयात, शप्पथ, म्हणजे शपथ वगैरे नाही, लेखी देते. पण आधी हे होऊ दे. तिला माझ्यापासून नका नेऊ. मी कशी आहे ते तुम्ही बघितलंत, पण नका नेऊ.

आलीस? ये. ये अशी. केस बघ कसे झालेत. ह्या ताई आपल्याकडे आल्यात, नमस्कार कर — राहू दे, नंतर कर. इकडे बघ माझ्याकडे. खिडकीकडे नको, माझ्याकडे. मुंगी, ऐक. मावशी येणार नाही. तिचं काम दुसरीकडे आहे. तुझी काळजी घ्यायला आम्ही — ऐकतेयस ना? ती आज येणार नाही, उद्या येणार नाही. नाहीच येणार. कळलं? मग म्हण बरं, ताईंना ऐकू येईल असं. काय? हळू नको, मोठ्यानं म्हण. काय म्हणालीस?

“तुझं पण असंच सांगायचे. रोज दुधाच्या वेळी. आज आई येणार नाही, आज आई येणार नाही. मग मावशी म्हणाली, सांगू दे त्यांना, आपण स्टूल ठेवू. मी ठेवलं. आणि तू आलीस.”